तांबडे धागे, निळे धागे

साठी उलटली तरी बोलेत्तेची नजर घारीची होती. सीलच्या कातड्याला ती असा बारीक टाका घालायची, की बुटात पाण्याचा थेंब शिरायचा नाही. नवरा एनोक गोठलेल्या समुद्राला भोक पाडून मासे काढायचा आणि ती ते साफ करायची.

त्या वसंतात सिसेल नावाची डॅनिश पोरगी वस्तीत आली. माशांच्या पोटात प्लास्टिकचे कण किती जातात, हे तिला मोजायचं होतं. बोलेत्ते एरवी आतडी कुत्र्यांपुढे टाकायची, ती आता तिला देऊ लागली.

आठवड्याभरानं सिसेल तोंड पाडून बसलेली.

"मावशी, प्रत्येक पोटात तांबडे धागे. इतके तर कुठेच सापडले नव्हते."

बोलेत्तेनं भिंगातून पाहिलं, मग सिसेलच्या तांबड्या लोकरी जाकिटाच्या बाहीकडे.

"हे माशानं नाही खाल्लं, बाई. तुझ्या जाकिटाचे धागे गळतायत."

सिसेलचा चेहरा जाकिटाहून लाल झाला. बोलेत्तेनं तिच्या अंगावर आपला कातडी अंगरखा चढवला. "याचे केस गळले तर निदान सीलचे म्हणून ओळखू येतील."

सगळं धुऊन नव्या माशांची पोटं तपासली. तांबडे धागे गेले. निळे मात्र राहिले, थोडेच. एक धागा उजेडात धरताच बोलेत्तेचं हसू मावळलं. एनोकच्या मासेमारीच्या नायलॉन दोराचा रंग. झिजलेली टोकं तो छाटून बर्फावरच टाकायचा, आणि उन्हाळ्यात बर्फ वितळायचा.

"त्याचाच असेल असं नाही," सिसेल म्हणाली. "जगभरातून वाहत येतं इथं."

"येऊ दे. त्यात आपली भर कशाला?"

घरी ती एनोकला म्हणाली, "तू माशांना दोर चारतोस."

"तरीच वजनदार लागतात," तो म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी तिनं शिवलेली कातडी पिशवी त्यानं कमरेला बांधली. टोकं तिच्यात पडू लागली.

"बायकोनं खाऊ बांधून दिला वाटतं?" शेजारच्या गड्यानं विचारलं.

"हो. तुझी देत नाही, म्हणून बघतोयस."

हिवाळ्यापर्यंत तिनं अशा सहा पिशव्या शिवल्या. पहिली त्याच गड्यानं मागून नेली.

पुढच्या वसंतात सिसेल परत आली आणि तिनं भिंग सरळ बोलेत्तेपुढे सरकवलं. निळे धागे होतेच. एक हिरवाही निघाला.

"हा आपल्या वस्तीतला नाही, हिरवा दोर इथं कुणी वापरत नाही," बोलेत्ते ठामपणे म्हणाली. "लिही तसं."

सिसेलनं लिहिलं.