नीलांबरीच्या नावाचा अर्ज

पितळेच्या ताटात तांदूळ पसरलेले असावेत आणि त्यांतून सोन्याच्या अंगठीची कड हळूहळू फिरावी, तेव्हा होणारा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? आधी दाणे कुजबुजत बाजूला सरकतात. मग अंगठी ताटाच्या तळाला लागते आणि दातांत शिरणारी एक बारीक किरकिर उठते. त्या किरकिरीतून नव्या नवरीचं नवं नाव उमटतं. जमलेल्या बायका माना पुढे काढून ते वाचतात, कुणीतरी पेढा तोंडात कोंबतं, आणि सकाळपर्यंत सुमन असलेली एखादी मुलगी संध्याकाळी दुसऱ्याच नावाला ‘ओ’ द्यायला शिकू लागते.

तीस वर्षांपूर्वी पिंपरी पेंढारच्या एका घरात मी तो आवाज ऐकला होता. परवा जुन्नरच्या कोर्टात, नकला मिळतात त्या खिडकीपाशी उभा असताना तो मला पुन्हा ऐकू आला. आतमध्ये एक पोक्त कारकून जुनी नोंदवही उघडून बसले होते आणि त्यांचं बोट खरबरीत पानावरून ओळीओळीने खाली उतरत होतं. ते बोट माझ्या बहिणीचं नाव शोधत होतं. आक्का माझ्या शेजारी खिडकीचा गज धरून उभी होती, आणि आम्हाला हवी होती तिच्या घटस्फोटाच्या निकालाची सही-शिक्क्याची नक्कल.

घटस्फोटाची नक्कल कशासाठी, तर लग्नासाठी. अर्जातल्या ‘कारण’ या रकान्यात मी स्वतःच्या हाताने ‘विवाह नोंदणी’ असं लिहिलं, तेव्हा मला इतका आनंद झाला की अक्षर नेहमीपेक्षा जरा जास्तच गोल आलं. आक्का पंचावन्न वर्षांची आहे. डिंभ्याजवळच्या एका आश्रमशाळेत तिने वीस वर्षं पोरांना भात रांधून घातला. तिथेच मारुतीभाऊ रखवालदार होते. विधुर, अबोल, स्वतःच्या खाचरात भात पिकवणारे. सुटीच्या दिवशी दोघंही एकाच बसची वाट बघत. आक्काला आमच्या अवसरी बुद्रुकला यायचं असे, त्यांना मंचरच्या बाजाराला जायचं असे. आमच्याकडची बस तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो: ती येते, पण कधी येते हे तिचं तिलाच माहीत. मी सगळ्यांना सांगत सुटलो आहे की ती बस वेळेवर आली असती तर हे लग्न जमलंच नसतं.

पण विवाह नोंदणीच्या कार्यालयात त्यांनी पहिल्या लग्नाच्या निकालाचा कागद मागितला, आणि तो कागद आमच्याकडे नव्हता. तो आईने जाळला होता. सव्वीस वर्षांपूर्वी निकाल घेऊन आक्का आणि आमचे वडील, आबा, कोर्टातून घरी आले, त्या दुपारी आईने तो कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला, आणि बंबात घालून त्यावर लेकीच्या आंघोळीचं पाणी तापवलं. तीन वर्षांच्या संसारात काय झालं ते आक्काने कधी सांगितलं नाही. उजव्या हाताची करंगळी मात्र ती कायमची वाकडी घेऊन आली होती. त्या बोटाकडे पाहून आई दुसरं काय करणार? एकदा तोडलेल्या गोष्टीचा दाखला पुढे काही जोडायला लागतो, हे त्या माउलीला कुणी सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

तेव्हा ज्यांच्या घरात असे बंब पेटले असतील त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. ज्या कोर्टात निकाल लागला तिथेच जायचं. अर्जात दोन्ही पक्षकारांची पूर्ण नावं, निकालाची तारीख, खटल्याचा क्रमांक आणि कारण लिहायचं, कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आपल्या ओळखपत्राची प्रत जोडायची. क्रमांक आठवत नसेल तर निदान साल सांगायचं आणि नोंदवहीत शोध घेण्याची विनंती करायची. मग नोंद सापडली की खालच्या खोलीतून लाल फडक्यात बांधलेलं एखादं गाठोडं वर येतं, गाठ सुटते, आणि धुळीचा एक सुस्कारा बाहेर पडतो. किती घरं त्या गाठोड्यांत निमूट बसलेली असतात! भांडणं निवून गेलेली, भांडणारे कुठल्या कुठे पांगलेले, आणि त्यांची नावं मात्र एका दोऱ्याने शेजारीशेजारी बांधलेली.

कारकुनांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“सुमन दत्तात्रय अशी नोंद नाही,” ते म्हणाले. “दत्तात्रय आहेत. गाव तेच, साल तेच. पण बाई वेगळ्या आहेत. नीलांबरी म्हणून.” मग चष्म्यावरून आक्काकडे पाहत त्यांनी अगदी सौजन्याने विचारलं, “या तुमच्या आधीच्या, का नंतरच्या?”

मी गप्प राहिलो. माझ्यासारखा बडबड्या माणूस गप्प राहतो तेव्हा समजावं की त्याला उत्तर माहीत आहे. अर्जात ‘सुमन’ लिहितानाच मला ते दुसरं नाव आठवलं होतं, आणि तरी मी ते लिहिलं नव्हतं. आमच्या घरात ते नाव उच्चारायला बंदी होती. आबांनी त्याच दुपारी बंबाशेजारी उभं राहून सांगितलं होतं, “ते नाव ह्या घरात पुन्यांदा निघायचं न्हाई.” आणि निघालं नाही. माणसाला शासन करणं आम्हाला जमलं नाही. मग आम्ही नावाला केलं. नाव बिचारं काही बोलत नाही, वकील लावत नाही.

“ती मी न्हाई,” आक्का म्हणाली, आणि गज सोडून चालू लागली.

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “साहेब, त्याच आहेत.”

“मग त्यांना तसं म्हणू दे,” ते म्हणाले. “दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र जोडा आणि कागदात आहे त्या नावाने नवा अर्ज करा. मी लगेच शोधायला घेतो. पण त्या स्वतः नाही म्हणत असताना मी नक्कल कशी देऊ?”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. मी बाहेर आलो. आवारातल्या लिंबाखाली टायपिंगवाले आपापली यंत्रं मांडून बसले होते, समोर शिवनेरीवर ऊन तापलं होतं, आणि आक्का बाकाच्या एका टोकाला पदर आवळून बसली होती.

“एक सही करायची आक्का. इतकंच.”

“तुला सोपं हाय. तुझं सगळं आयुष्य नाटकं करण्यात गेलं.”

“मारुतीभाऊ वाट बघत असतील.”

“त्यांना सांग, न्हाई जमलं. बसची वाट बघायची सवय हाय त्यांना.” मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, “राहू दे बापू. ह्या वयात लोकं हसत्यातच. आजून जरा हसतील.”

आता माझ्या वाचकहो, माझं एक गुपित तुम्हाला सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या तांदळाच्या ताटापाशी मी होतो. पाठराखा म्हणून आक्काबरोबर गेलो होतो. वय एकोणीस-वीस, मंचरच्या कॉलेजात गॅदरिंगचं नाटक स्वतःच लिहून स्वतःच नायक झालेला, अंगात नुसता रंगमंच संचारलेला. दाजी अंगठी हातात धरून अडले होते. त्यांना नाव सुचेना. बायका हसू लागल्या. तेव्हा मी मागून त्यांच्या कानाशी वाकलो आणि माझ्या नाटकातल्या नायिकेचं नाव त्यांना सांगितलं. एवढं लांबलचक नाव ताटात मावतंय का, या विवंचनेत त्यांना घाम फुटला. मला त्याची फार गंमत वाटली. तीन वर्षांनी आक्का परत आली तेव्हा ती गंमत माझ्या घशात जी अडकली ती अडकलीच. मी जगभराच्या गोष्टी सांगतो, पण ही कुणालाच सांगितली नव्हती.

बाकावर बसून ती मी आक्काला सांगितली.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “ठावं हाय मला.”

“कसं?”

“अंगठी फिरत व्हती तवा तुझं व्हट हालत व्हतं. अक्षरं तू म्हनत व्हतास आन् ते लिहीत व्हते.” तिने पदराचं टोक सोडलं. “नाव लई ग्वाड व्हतं रे. मला येवढं मोठं कुनी कधी काय दिलं नव्हतं. पहिले आठ दिस मी चुलीपुढं राखंत बोटानं लिहून बघायचे ते. मानूस वंगाळ निघाला, आन् आबांनी नावाला घराभाईर काढलं. मला कुनी इचारलं का?”

नाही. कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी तिच्यावर इतकं प्रेम केलं की विचारायला सवडच झाली नाही.

“मग मघाशी ‘ती मी न्हाई’ का म्हणालीस?”

“पंचवीस वर्सांची पोर व्हती ती. तिला तिथंच टाकून आले मी. मागं वळून बगितलं न्हाई. आता कागदापायी तिला हाक मारायची. काय वाटंल तिला?”

मी म्हणालो, “मग येताना घेऊनच येऊ तिला.”

“लई डायलॉग मारू नगंस,” आक्का म्हणाली. पण उठली.

लिंबाखालच्या टायपिंगवाल्याला मी सारी हकीकत रंगवून सांगायला लागलो, तर तो म्हणाला, “राव, गोष्ट नको, दोन ओळी सांगा.” मी दोन ओळी सांगितल्या: सुमन आणि नीलांबरी ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, विवाहसमयी हे नाव मी स्वतः सुचवले असल्याने मला ते खात्रीने माहीत आहे. त्याची बोटं थांबली. “हे दुसरं लिहायचं?” मी म्हणालो, “लिहा.” आयुष्यभर टाळ्यांसाठी बोललो, शपथेवर बोललो ते एवढंच. खाली मी सही केली. माझ्या सहीवर आक्काने वाकड्या करंगळीचा हात टेकवून आपली सही केली, दोन्ही नावांनी, पहिलीत शिकणाऱ्या मुलीसारखी एकेक अक्षर जोडत.

नीलांबरीच्या नावाचा नवा अर्ज त्याला जोडून आम्ही खिडकीत दिला, आणि आठवड्याभराने नक्कल तयार झाल्याचा निरोप आला. आम्ही पुन्हा त्या खिडकीबाहेरच्या ओसरीत जाऊन बसलो. बरीच माणसं होती. जमिनीच्या खटल्यांची, वारसांची, एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या भावांची. मग शिपाई दारात आला आणि त्याने कोर्टाच्या त्या लांबवर जाणाऱ्या आवाजात पुकारा केला: “नीलांबरी दत्तात्रय!”

सव्वीस वर्षांनी कुणी ते नाव मोठ्याने घेतलं होतं. आक्का हलली नाही. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. मला तिच्या वतीने उठावंसं वाटलं. सवयच ती माझी, दुसऱ्याच्या प्रवेशात घुसण्याची. पण मी मांड्यांवर हात दाबून बसून राहिलो. तिसऱ्या पुकाऱ्याला ती उभी राहिली, निऱ्या झटकल्या आणि सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, “हाय. मीच.”

कारकुनांनी कागद पुढे सरकवला. “वाचून घ्या. नाव बरोबर आहे ना?”

तिने नावावर बोट ठेवलं. “बरोबर हाय,” ती म्हणाली.

नकलेच्या शेवटी तीन तारखा असतात: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. मी त्या बराच वेळ बघत होतो. आपल्याच आयुष्याचा एखादा तुकडा आपल्याला परत हवा असेल तर त्यासाठी अर्ज करावा लागतो, आपणच तो आहोत हे सिद्ध करावं लागतं, आणि पुकारा झाला की उठावं लागतं. आक्काने बाहेर येऊन दोन झेरॉक्स काढल्या आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरला. बंबाजवळ तो जाणार नाही, याची मला खात्री पटली.

विवाह नोंदणीच्या नोटिशीचा महिना सरला, सह्या झाल्या, आणि आम्ही चार माणसं मारुतीभाऊंच्या घरी पोचलो. त्यांच्या बहिणीने हौसेने ताट आणलं होतं. या वेळी ते स्टीलचं होतं, पण तांदूळ त्यांच्याच खाचरातला, नवा, वासाचा. तिने भावाच्या हातात अंगठी दिली.

“लिहा की. काय नाव टाकायचं?”

मारुतीभाऊंनी अंगठीकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. “माज्या तोंडात तर सुमनबाईच येतंय,” ते ओशाळून म्हणाले.

माझे ओठ शिवशिवले, हे कबूल करतो. तीन उत्तम नावं जिभेवर तयार होती. मी ओठ घट्ट मिटले. आक्काने एकदा माझ्याकडे बघून ते मिटले आहेत याची खात्री करून घेतली.

“दोन नावं हायेत माज्याकडं,” ती म्हणाली. “तिसरं कशाला?”

तिने अंगठी त्यांच्याच बोटात सरकवली, ताट उचललं आणि आत गेली. पातेल्यात तांदूळ ओतल्याचा आवाज आला, मग पाण्याचा. दारातून मला तिचा हात दिसत होता. वाकडी करंगळी थोडी बाहेर ठेवून ती तांदूळ धूत होती. दाणे कुजबुजत सरकत होते, नखं पातेल्याच्या तळाला लागत होती आणि तीच बारीक किरकिर उठत होती. मी कान देऊन ऐकली. कुणाचंही नाव त्यातून उमटत नव्हतं. थोड्या वेळाने घरभर भाताचा वास सुटला आणि आम्हाला पानावर बोलावणं आलं.