दीवानजींचा आवाज

आमच्या ह्यांचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. लोकांना हे पटत नाही. आजकाल कुत्र्यामांजरांचेसुद्धा व्हिडिओ असतात, मग नवऱ्याचा आवाज कसा नाही म्हणतात. नाही तो नाही! मुलाच्या मुंजीपासून लग्नापर्यंत कॅमेरा कायम ह्यांच्याच हातात. कॅमेऱ्यामागचा माणूस कशाला बोलतोय? हातानेच खुणा करायचे, इकडे सरका, तिकडे बघा. फोनवर बोलून निरोप पाठवा म्हटलं तर म्हणायचे, "रेकॉर्डवर बोलायला मी काय कोर्टात उभा आहे?" आणि गेल्या थंडीत एके सकाळी आंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि गेले. हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही मला.

माणूस गेल्यावर पहिले काही दिवस त्याचा आवाज कानात असतो. मग तो पुसट होत जातो. चेहरा फोटोत बघता येतो, आवाजाचं काय करायचं? मी घाबरून गेले होते. पण मला एक खात्री होती. ह्यांनी सिनेमात काम केलं होतं. सिनेमा आला की आवाज येणारच होता.

सिनेमा म्हणजे काय, तर सगळा उसनवारीचा कारभार. लखनौच्या वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत आमच्या शेजारी एक घर अर्धवट बांधून पडलं होतं. दिवाळीनंतर काही पोरंपोरी तिथे येऊन थडकल्या आणि बाहेर 'थाना' अशी पाटी लावून मोकळ्या झाल्या. गोष्ट लाचखाऊ दरोग्याची, म्हणजे आपल्याकडच्या फौजदाराची. दरोगा कोठडीत एका माणसाला जिवे मारतो, ठाण्यातला एक म्हातारा हवालदार त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार होतो आणि दरोगा त्यालाही गोळी घालतो. मग मारामाऱ्या, गाड्यांची पळापळ. गाडी मात्र एकच होती. तीच पुढून पळणाऱ्याची आणि मागून पाठलाग करणाऱ्याची.

हवालदाराचं काम करणारा नट आलाच नाही. आमचे हे गच्चीवरून पहिल्या दिवसापासून सूचना देत होते, "अरे भैया, वो लाइट जरा तिरछा करो!" रेल्वेतला निवृत्त इंजिनिअर, त्याला गप्प कुठलं बसवतंय! शेवटी दिग्दर्शक पोरगा वर बघून म्हणाला, "अंकल, मूँछ असली है?" हे म्हणाले, "एकदम!" झालं. तासाभरात आमचा मिरजेचा माणूस खाकी कपडे घालून उभा. इकडे ठाण्यातल्या म्हाताऱ्या हवालदाराला दीवानजी म्हणतात. त्या दिवसापासून सगळी गल्ली ह्यांना दीवानजी म्हणायला लागली.

नाटकाचं वेड त्यांना पहिल्यापासूनच. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दरवर्षी तोंडाला रंग लावायचेच. पण मंडळात प्रेक्षक म्हणजे आम्हीच बायका आणि झोपाळलेले नवरे, त्याचं शूटिंग कोण करतंय! सिनेमा मात्र सगळ्या जगाला दिसणार. मंडळात मी सगळ्यांना सांगून झालं, मिरजेच्या धाकट्या भावाला ह्यांचा फोन करून झाला, पुण्याच्या मेव्हण्याला झाला. "आवाज ऐक माझा फक्त," म्हणायचे. घोगरा, नाकातून थोडा, वाक्याच्या शेवटी वर चढणारा. इतकी वर्षं लखनौत काढून हिंदी मात्र मिरजेचीच राहिली. आलमबागच्या भाजीवाल्यापासून ऑफिसच्या साहेबापर्यंत सगळे हसायचे, आणि हे त्यांच्याहून मोठ्याने हसायचे.

तालमीला दरोगा मी. दुसरं कोण होतं घरात? मुलगा बेंगळुरूला. मी पोळ्या करता करता लाटणं रोखून विचारायचे, "दीवानजी, गवाही दोगे?"

"दूँगा, साहब."

"सोच लो."

"सोच लिया साहब. ये वर्दी मैंने अपने हाथ से धोई है. दाग कहाँ है, मुझे मालूम है."

मग मी "ठो!" म्हणायचं आणि ह्यांनी दिवाणावर कोसळायचं. कोसळायचे ते इतके झकास की एकदा दिवाणाची फळीच मोडली. थोडा वेळ मेलेले राहायचे, मग एक डोळा उघडून, "अगं, चहा टाक ना." रोजचं होतं ते. मी वैतागायचे, आणि टाकायचे.

शूटिंगच्या दिवशी रक्त म्हणून गुलाबाचं सरबत ओतलं अंगावर. मुंग्या आल्या. दिग्दर्शक आपला "और थोड़ा, अंकल, हिलना मत" करत बसलेला, आणि हे मेलेले पडून मुंग्या चावून घेताहेत. घरी आल्यावर पाठीला खोबरेल लावलं मी. खरा पोलीसही येऊन गेला एकदा. पोरांची गाळण उडाली. पण त्याने ह्यांचा पट्टा नीट बांधून दिला, चहा प्यायला आणि सेल्फी काढून गेला.

एक प्रसंग मात्र मी विसरत नाही. जेवणाची सुट्टी होती आणि एक बाई थेट त्या खोट्या ठाण्यात शिरली. सुनेची स्कूटी चोरीला गेली होती. खऱ्या चौकीवर तिला दोनदा हाकलून दिलं होतं म्हणे. पोरं हसायला लागली, तसे हे त्यांच्यावर डाफरले. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग हात जोडून सांगितलं, "बहनजी, मैं नकली पुलिस हूँ. लेकिन कल सुबह मैं आपके साथ असली में चलूँगा." आणि गेले, खरोखर गेले, तक्रार लिहून होईपर्यंत तिथून हलले नाहीत. स्कूटी सापडली की नाही देव जाणे. बाई जाताना म्हणाली होती, "भैया, ठाण्यात मला पहिल्यांदा कुणी बसायला सांगितलं." हे तिने हिंदीत म्हटलं, मी मराठीत सांगतेय इतकंच. त्या वेळचा त्यांचा आवाज मला हवा होता. तोच, तसाच.

आणि मी काही हवेत इमले बांधत नव्हते. सीन चालू असताना ह्यांच्या डोक्यावर एक पोरगा लांब काठीला बांधलेला केसाळ, मोठा माईक धरून उभा असायचा. कुकरची शिट्टी झाली तर खालून ओरडायचे, "आंटी, प्लीज!" एवढी काळजी आवाजाचीच ना? मी तर कितीदा वरण अर्धकच्चं उतरवलं त्यांच्यापायी.

यंदाच्या उन्हाळ्यात सिनेमा मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवर आला. मुलाने फोनवरून सांगत टीव्हीला जोडून घेतला. "आई, अकेले मत देखना," म्हणाला. त्याला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. म्हणून मंडळातल्या चार बायकांना दुपारी बोलावलं. चिवडा केला. ह्यांच्या फोटोला ताजा हार घातला. मी अगदी पुढे बसले, टीव्हीला चिकटूनच म्हणा ना.

आले. टोपी, मिशी, सुटलेलं पोट, ते आमचेच. दरोग्याने विचारलं, "दीवानजी, गवाही दोगे?" ह्यांचे ओठ हलले आणि कुणीतरी भलताच बोलला.

गोड, गुळगुळीत, लखनवी आवाज. ह्यांच्या तोंडातून दुसराच माणूस बोलत होता. मला आधी वाटलं टीव्ही बिघडला. मी आवाज वाढवला. तो परका माणूस आणखी मोठ्याने बोलायला लागला. आणि शेजारची बाई मला हळूच म्हणते, "काय छान हिंदी बोललेत हो भाऊजी! इतकी साफ!"

मला तिच्या तोंडावर चिवड्याचा डबा फेकावासा वाटला. खोटं कशाला बोलू? त्या बिचारीची काय चूक होती? पण मला राग आला, सगळ्यांचा आला. माझा माणूस दुसऱ्यांदा गेला आणि ह्या कौतुक करताहेत. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. बायकांना वाटलं, आठवण आली.

दुसऱ्या दिवशी मी त्या दिग्दर्शकाच्या मदतनीस पोरीला फोन लावला. चांगली होती पोरगी, ह्यांच्या हाताखाली पत्ते शिकली होती. मी फाडफाड बोलून घेतलं. ती मग म्हणाली, "आंटी, वो माइक वाला तो कच्चा साउंड होता है. बाद में स्टूडियो में सब दोबारा बोलते हैं." म्हटलं, मग तो कच्चा दे मला. कच्चा तर कच्चा. तर म्हणे, डिस्क एकच होती, ती पुसून त्यावर पुढचं काम भरलं. उसनवारीचा कारभार शेवटी.

मी म्हटलं, "अगं, पण ह्यांना विचारायचं तरी. बोलावलं असतंत तर ते धावत आले असते."

ती म्हणाली, "आंटी, अंकल को बताया था. सर ने खुद फोन किया था कि आपकी हिंदी में मराठी बहुत आती है, यूपी का दीवान नहीं लगता, किसी और से करवाएँगे. अंकल बोले, ठीक है बेटा, पिक्चर अच्छी बननी चाहिए. फिर बोले, बस आंटी को मत बताना. वो सबको बोल के बैठी है."

फोन ठेवला आणि मला मिशीची ती सकाळ आठवली. मिशी कापायची नाही, पुन्हा बोलावू, असं त्या पोरांनी बजावलं होतं. हे रोज तिला तेल लावायचे. आणि संक्रांतीच्या आधी एके दिवशी न्हाणीघरातून बाहेर आले ते सफाचट! मी म्हटलं, "अगंबाई, दीवानजी निलंबित झाले वाटतं?" हसले. "झाले," म्हणाले. आणि पेपर उघडून बसले. मी तिळाचे लाडू वळत होते, माझं लक्ष लाडवांत. त्याच आठवड्यात ते गेले. ज्या आवाजासाठी मी टाचा घासत होते, तो कुणाला नको आहे हे पोटात ठेवून गेले. माझ्यासाठी गप्प बसले हो. एरवी कधी गप्प न बसणारा माणूस.

मुलगा म्हणतो, "डिलीट कर दो ॲप, आई." मी नाही करत. दुपारी भांडीकुंडी झाली की टीव्ही लावते आणि आधी आवाज पूर्ण बंद करते. त्या लखनवी माणसाला माझ्या घरात बोलायची परवानगी नाही. मग तो सीन येतो. मी समोर उभी राहते आणि म्हणते, "दीवानजी, गवाही दोगे?"

ओठ हलतात. ओठ त्यांचेच आहेत. दूँगा, साहब. शेवटी वर चढणारा 'साहब', मला ऐकू येतो. एखाद्या दिवशी नाही येत, मग मागे नेऊन पुन्हा लावते.

"सोच लो," मी म्हणते. ते वर्दीचं, डागाचं सगळं बोलतात. दरोगा पिस्तूल काढतो. आता ठो म्हणायची पाळी माझी असते.

मी टीव्ही तिथेच थांबवते. "थांबा हं," म्हणते, "चहा टाकते."