जर्मनाचं पान

अख्ख्या भोपाळात जर्मन माणसाचं श्राद्ध घालणारा एकच गृहस्थ होता, आणि तो आमच्या वहिनींचा मामा होता. राज्यं नव्यानं आखली गेली, नागपूरच्या आम्हा कारकुनांची बिऱ्हाडं भोपाळला हलली, त्यांत हे मामाही आले. महायुद्धात ते इटलीत पलटणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. भेटेल त्याला जर्मनांची आपोआप भरणारी बंदूक समजावून सांगायची, हे त्यांचं व्यसन. पहिल्या नमुन्यात म्हणे नळीला भोक पाडायचीच मनाई होती. पुढची गोळी भरायला लागणारा गोळीमागचा वायू नळीच्या तोंडाशी अडवायचा, तिथे काजळी साचायची आणि बंदूक अडकायची. पुढे रशियनांचं बघून त्यांनी नळीलाच भोक पाडलं आणि बंदूक ताळ्यावर आली. हे पटवण्यासाठी मामांनी वहिनींच्या फुंकणीला भोक पाडलं. चूल काही पेटेना. वहिनी कडाडल्या, "मामा, जर्मनी हरली ते बरंच झालं!"

"ती सुधारणा थोडी आधी पोचली असती, तर मी इथे नसतो," मामा म्हणायचे. एका जर्मन शिपायानं दहा पावलांवरून त्यांच्यावर नेम धरला होता. पहिली गोळी हुकली, दुसरी अडकली, आणि मामांनी त्याला टिपलं. म्हणून दर सर्वपित्रीला अंगणात त्याच्या नावानं खीर-वड्याचं पान. दूधवाला विचारायचा, "मामाजी, ये जर्मन आपका लगता कौन है?" मामा सांगत, "उसी की बदौलत जिंदा हूँ, भैया."

कावळा मात्र त्या पानाला कधी शिवला नाही. आमच्या पितरांचं पान क्षणात साफ व्हायचं; जर्मनाच्या पानासमोर कावळे भिंतीवर ओळीनं बसून मामांकडे बघत राहायचे. काव नाही की फडफड नाही. एका वर्षी, दुखणाईत असूनही, मामा हट्टाला पेटले. "तो जेवल्याशिवाय मी जेवणार नाही." दुपार कलली. मामा भिंतीकडे बघून कावळ्यांना बंदूक समजावत होते, "बाबा, दोष तुझा नव्हता, नमुन्याचा होता."

भुकेनं वैतागून मी म्हणालो, "मामा, बंदुकीचं पुरे झालं हो. त्याला दुसरं काहीतरी ऐकायचं असेल."

मामा हळूच म्हणाले, "बंदूक अडकल्यावर त्यानं ती खाली टाकली होती. हात वर केले होते. मला दिसलं होतं."

एक कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला.

मामा जेवले. त्यानंतर त्यांनी कुणालाही ती बंदूक समजावली नाही. आम्ही सगळे त्या व्याख्यानाला कंटाळलो होतो. तरी अजून वाटतं, त्या दुपारी मी गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.