मामावर आलेले दात

तान्ह्या मुलांचं यशोदाबाईंना फार कळायचं. हिरड्या शिवशिवल्या की मूल मूठ चघळतं, लाळ गाळतं, उगाच किरकिर करतं. मग ज्येष्ठमधाची कांडी धुऊन, डोळ्यांसमोर बसवून चघळू द्यायची. साक्रीजवळच्या त्या खेड्यातल्या सुना हे सगळं त्यांच्याकडूनच शिकल्या. पण वरचे दात आधी आले असं कोणी सांगितलं, की त्या म्हणायच्या, ‘आजच मामाला बोलवा,’ आणि उठून आत जायच्या.

त्याचं असं झालं. चौऱ्याऐंशी साली त्यांचा गिरधर सात महिन्यांचा होता. पेज भरवताना चमचा टक्‌ वाजला. बोट फिरवून पाहिलं, तर दात वरचे! सासू मंजुळाबाई म्हणाल्या, “मामावर आले गं, मामाच्या जिवाला जड. मामानं तेलाच्या वाटीत भाच्याचं तोंड पाहिलं की दोष जातो. घाबरू नको.”

घाबरू नको म्हणे. आईबाप गेलेले, पारोळ्याकडे पाठचा एकुलता एक भाऊ हिलाल. त्याचा जीव काय वाटीभर तेलावर टांगायचा? बाई मुळातच हट्टी. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, ते दात पडेपर्यंत भावानं पोराचं तोंडच पाहायचं नाही. ‘सध्या येऊ नको,’ असं कार्ड धाडलं. कारण लिहिलं नाही. असलं अभद्र कागदावर उतरवायला हात धजेना.

वर्षानं जावळ काढलं. त्याला मामाची मांडी लागते. यशोदाबाईंनी चुलतभाऊ चुडामणला बसवलं. ही बातमी पारोळ्याला पोहोचायला कितीसा वेळ? त्यानंतर राखीच्या पाकिटाला हिलालचं उत्तर आलं नाही. यशोदाबाई रडायच्या, पण मनाला समजावायच्या, रुसला तर रुसू दे, धडधाकट तर आहे.

सातव्या वर्षी ते वरचे दात पडले. दुसऱ्याच दिवशी पोराला घेऊन त्यांनी एसटी धरली.

हिलाल ओट्यावर बसला होता. कानशिलं पांढरी झालेली. त्यांनी एका दमात सगळं सांगितलं.

“अक्का, माले सांगी तर देती,” तो म्हणाला. “वाटी काय, मी रांजनभर तेलमा देखतु. माले वाटनं, तुले मनी, तुना भाऊनी, लाज वाटस.”

मग त्यानं माळ्यावरून पांगुळगाडा उतरवला. कडुलिंबाचा, भाच्यासाठी स्वतः तासलेला, अजून गोणपाटात बांधलेला. गिरधरनं दांडी धरली, तर त्याला पार वाकावं लागलं. दोन पावलं ढकलून त्यानं तो सोडला आणि आईला बिलगून विचारलं, “माय, हाऊ कोन शे?”

“मामा,” यशोदाबाई म्हणाल्या.

पोरानं ‘नाही’ म्हणून मान हलवली. मामा म्हणजे चुडामण, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.