जिन्यावरून पडलेले

करुणा मेश्राम भांडखोर मुळीच नव्हती. भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सची ही एकुलती एक मुलगी. हळू बोलायची, आणि कुणी मध्येच तोडलं तर चिडण्याऐवजी वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायची. अशा मुलीने एका माणसाच्या तोंडावर लोणच्याची बरणी फोडली, यावर तिच्या आईचा अजून विश्वास बसत नाही.

ती मेलबर्नला पीएचडीला आली २००८ साली. त्या वर्षांत डँडेनॉन्ग या तिथल्या उपनगराच्या प्रत्येक रस्त्यावर एखादं तरी घर आपल्या पोरांचं असायचं. दारात बुटांचा ढीग, मागच्या अंगणात कुणाचे तरी वाळत घातलेले कारखान्याचे पांढरे डगले. करुणाच्या घरात पाच जण राहत. पुण्याचा स्वप्निल सगळ्यांत जुना, म्हणून कारभार त्याच्याकडे. जळगावचा किरण अकाउंटिंग शिकायचा आणि कोंबडी पॅक करायच्या कारखान्यात शिफ्टला जायचा. विद्यार्थ्याला आठवड्याला वीस तासच काम करायची परवानगी होती. किरण जवळजवळ दुप्पट करायचा. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्याचं नाव काढत नसे.

करुणाचा विषय होता मरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांच्या शहरांत माणसं कशाने मरत, आणि कशाने मेली असं लिहिलं जाई, हे ती शोधत होती. मेलबर्नमध्ये उन्हाळा आला की तान्ही बाळं जुलाबाने जात. मुंबईत एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं, तिथे जन्मलेल्या कितीतरी बाळांचं पहिलं वर्षही पुरं होत नसे. प्लेग, देवी, क्षय होतेच. पण नोंदींत सगळ्यांत जास्त वेळा यायचा तो नुसता ‘ताप’. घरामागून घर, गल्लीमागून गल्ली, सगळे तापाने गेलेले.

“काय मेलेल्यांच्या मास्तरीण बाई,” किरण जेवताना विचारायचा, “आज कोण गेलं?”

“तू जेव गुपचूप,” करुणा म्हणायची, आणि त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकायची.

हा ताप कुठून येई, ते तिला अभ्यासाच्या आधीपासून माहीत होतं. तिचे पणजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते. प्लेगच्या पहिल्या वर्षांत त्यांच्या बहिणीच्या काखेत गाठ आली आणि ती पहाटे गेली. सकाळी तपासणीचं पथक आलं. पथकाला प्लेग सापडला की घरच्यांना छावणीत नेत, अंथरुणं जाळत, बायकांच्या काखा परपुरुष तपासत. पणजोबा दारात आडवे उभे राहिले. शिपायाने बंदुकीचा दस्ता तोंडावर हाणला तसे त्यांचे पुढचे दात घशात गेले. आत बहीण पाठमोरी जात्याशी बसवलेली होती. डोक्यावरून पदर, हात खुंट्याला बांधलेला. पथकाने बघितलं आणि ते पुढच्या खोलीकडे गेलं. आठवड्याच्या आत तिच्या दोन्ही मुलींना गाठी आल्या. तिघीही तापाने गेल्या असं लिहिलं गेलं.

आजोबा ही गोष्ट अभिमानाने सांगायचे. “फसवलं साल्यांना.” लहानपणी करुणालाही अभिमान वाटायचा. त्या दोन मुलींचा विचार तिच्या मनात आला तो फार उशिरा.

२००९ च्या जूनमधल्या एका रविवारी दुपारी ती आणि किरण फॉस्टर स्ट्रीटवरच्या इंडियन दुकानातून सामान घेऊन निघाले. किरणच्या खांद्यावर आट्याची गोणी, करुणाच्या हातात डाळी आणि लोणच्याची बरणी. स्टेशनमागच्या पार्किंगमधून जाताना एक गाडी त्यांच्या पुढ्यात येऊन थांबली. चार पोरं उतरली. एकाच्या हातात क्रिकेटची बॅट होती, ती बघून क्षणभर करुणाला वाटलं, खेळून आले असतील.

“ओय, करी.” आपल्या पोरांना तिथे हीच शिवी मिळायची. “फोन दे.”

किरणने लगेच फोन काढून पुढे केला. हीच त्यांच्यातली ठरलेली रीत होती: मागतील ते द्यायचं, डोळ्यांत बघायचं नाही. फोन घेतला आणि तरीही बॅट फिरली. ती त्याच्या कानशिलावर बसली. आवाज नारळ फुटल्यासारखा झाला. किरण गोणीसकट खाली गेला, गोणी उसवली, आणि पांढऱ्या पिठात ते त्याला लाथा मारू लागले, पोटात, तोंडावर, पुन्हा डोक्यावर. एकजण मोजल्यासारखा, सावकाश मारत होता आणि बाकीचे हसत होते.

करुणा ओरडलीच नाही. ती पुढे गेली तेव्हा एकाने तिच्या डाव्या कानाखाली अशी लगावली की जग एका बाजूने बंद झालं. मग तिने बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि त्या सावकाश मारणाऱ्याच्या तोंडावर घातली. काच, तेल, रक्त. तो डोळे धरून किंचाळला. बाकीच्यांनी त्याला गाडीत कोंबलं आणि ते गेले.

किरण काही वेळ हललाच नाही. मग त्याने डोळे उघडले, पिठात ओकला आणि म्हणाला, “पोलीस नको.”

घरी येईपर्यंत तो चालत होता, बोलत होता. स्वप्निलने त्याचं तोंड धुतलं आणि सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं.

“हॉस्पिटलला नेऊ. पण जिन्यावरून पडला म्हणायचं. पोलीस आले तर कुठे काम करतोस, किती तास, सगळं निघेल. व्हिसा जाईल ह्याचा. आणि इंडियातल्या टीव्हीवर नाव आलं तर ह्याचा बाप उद्याच्या विमानाने नेईल ह्याला.”

“जिना कुठाय आपल्याला?” करुणा म्हणाली.

“मागच्या दाराला दोन पायऱ्या आहेत ना. तोच जिना.”

किरणने करुणाचा हात धरला. “प्लीज यार. मला राहायचंय इथे. अजून एकच सेमिस्टर राहिलंय.”

हॉस्पिटलच्या दारात विचारलं तेव्हा स्वप्निलने सांगितलेलं वाक्य करुणाने खरोखरच उच्चारलं. दोन पायऱ्या. ओल्या होत्या. पडला.

डॉक्टर निघाल्या पुण्याच्या, मधुवंती नावाच्या. पन्नाशीच्या, दमलेल्या. किरणचं नाव वाचून त्या सरळ मराठीत बोलू लागल्या.

“बेशुद्ध पडला होतास?”

“नाही मॅडम.”

“उलटी?”

“नाही.”

“तुमच्या डँडेनॉन्गला जिने फार झालेत का रे?” टॉर्चने त्याचे डोळे बघत त्या म्हणाल्या. “ह्या महिन्यातला हा तिसरा मुलगा. सगळे जिन्यावरूनच पडतात.” त्यांनी लिहून घेतलं आणि पेन खिशाला लावलं. “ठीक वाटतोय. गोळी देते, घरी जाऊन झोप. खोलीत कुणीतरी लक्ष ठेवा.”

करुणाच्या डाव्या कानात शिट्टी वाजत होती. उजव्या कानाने ऐकलेलं ते वाक्य तिथेच अडकलं. सगळे जिन्यावरूनच पडतात. सगळे तापानेच जातात. पदर घेऊन जात्याशी बसलेली ती बाई तिला दिसली, आणि तिच्यामागे, कोपऱ्यात, दोन मुली.

“मॅडम, हा पडला नाही.”

“करुणा,” स्वप्निल दबक्या आवाजात म्हणाला.

“ह्याला चौघांनी मारलं.”

“डोकं फिरलंय तिचं, मॅडम. तिलाही लागलंय.” स्वप्निलने तिचा दंड इतका आवळला की पुढे आठवडाभर त्याची चार बोटं निळी उमटलेली होती. करुणाने दंड सोडवला नाही. वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलं.

“ह्याला चौघांनी मारलं. आधी बॅट कानशिलावर, मग डोक्यात लाथा. बेशुद्ध होता. उठल्यावर उलटी केली.”

किरण पलंगावरून तिच्याकडे बघत होता. “तुला आई मानलं असतं मी,” असं काहीतरी असंबद्ध तो बोलला. मग शिवी दिली. ती शिवीही अर्ध्यावर अडखळली, तेव्हा मधुवंतीबाईंनी पेन पुन्हा बाहेर काढलं नाही, त्या पळतच बाहेर गेल्या.

स्कॅनच्या टेबलावरच त्याचे हातपाय ताठ झाले. कवटीच्या आत रक्त साचत चाललं होतं. कवटी उघडून ते काढावं लागलं. संध्याकाळी मधुवंतीबाई बाहेर येऊन करुणाच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मी त्याला घरी पाठवत होते,” त्या म्हणाल्या. मग त्यांना आठवण झाली आणि त्यांनी करुणाचा कान तपासला. पडदा फाटला होता.

पोलीस आले. कुणी मारलं, कशाने मारलं, गाडी कसली होती, हे त्यांनी विचारलं. किती तास काम करतोस, हे कुणी विचारलं नाही. पण वडिलांबद्दलचा स्वप्निलचा अंदाज बरोबर ठरला. बातमी टीव्हीवर आली, वडील आले, आणि टाके निघाल्यावर किरणला घेऊन गेले. शेवटचं सेमिस्टर राहूनच गेलं. जाताना तो करुणाशी बोलला नाही.

त्या दिवशी स्वप्निलने तिचं काचेचं ताट भिंतीवर फेकलं. “तुझ्यामुळे गेला तो.”

“गेला,” ती म्हणाली, “पण चालत गेला.” काचा तिनेच गोळा केल्या, आणि नवीन महिना लागताच दुसरीकडे खोली घेतली.

आता ती त्याच देशात, टूवूंबा गावच्या युनिव्हर्सिटीत शिकवते. डावा कान अधू आहे, म्हणून फोन उजव्या कानाला लावते. जळगावहून पहिला फोन यायला दोन वर्षं लागली.

“ओळखलंस का?” शब्द जड, एकेक उचलून ठेवल्यासारखे येत होते.

“बोल, किरण.”

“माझं लग्न बघतायत. बाबा म्हणतात, खूण दिसली कुणाला तर बाथरूममध्ये पडला म्हणून सांग.”

“मग काय सांगतोस?”

“चौघांनी मारलं म्हणून सांगतो.” तो श्वास घ्यायला थांबला. “आणि एका पोरीने कैरीच्या लोणच्याची बरणी फोडली त्यातल्या एकाच्या तोंडावर. ते कुणाला पटत नाही.”

“लिंबाचं होतं,” करुणा म्हणाली.

“काय सांगतेस. मी सगळ्यांना कैरीचं सांगितलंय.”

“मग आता लिंबाचं सांग.”