नारळीभात वाढताना

शस्त्रक्रियेनंतरच्या नवव्या महिन्यात माझे वजन पुन्हा वाढू लागले, आणि त्याचे खरे कारण देवाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. त्याला ठाऊक असायचेच. त्या लबाडीत मी त्यालाच भागीदार करून घेतले होते.

आम्ही तेव्हा बोईसरला नोकरदारांच्या एका वसाहतीत राहत होतो. नव्वदीचे दशक सरत आले होते. हे तारापूरच्या एका कारखान्यात जात आणि मी शाळेत मराठी शिकवीत असे. लहानपणापासून मी जिभेने जगले. कवितेतला शब्दसुद्धा मला आधी चवीने कळे, अर्थ मागाहून येई. पण चाळिशीच्या आतच देह इतका वाढला, की दोन जिने चढून वर्गात गेल्यावर कविता म्हणण्याइतका श्वास उरेना, आणि रक्तातली साखर कोणत्याच गोळीला जुमानेना. शेवटी मुंबईच्या एका शल्यचिकित्सकांनी तेव्हा तिथेही क्वचितच होणारी एक शस्त्रक्रिया सुचवली. जठराच्या वरच्या टोकाशी टाक्यांची ओळ घालायची, अन्नासाठी एक चिमुकली पिशवी तेवढी ठेवायची आणि तिची खालची वाट अरुंद करायची. मग अर्ध्या वाटीत पोट भरते, असे ते म्हणाले. तसे ते भरूही लागले. वसाहतीत मात्र आम्ही पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन झाल्याचे सांगितले. खाण्यापायी पोट कापून घ्यावे लागले, हे तोंडातून निघेना.

पहिले काही महिने नवलाईचे होते. मऊ भात, वरणावरचे पाणी, कुस्करलेले पडवळ. एकेक घास पंचवीस वेळा चावायचा, जेवताना पाणी प्यायचे नाही, आणि छातीच्या मध्यावर जरा जड वाटले की हात थांबवायचा. पोलकी सैल झाली, बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या. "आपल्या घरातून एक माणूस कुठे परगावी गेलंय का गं?" असे हे चेष्टेने विचारीत, आणि मी लाजत असे. परंतु भूक ही एकच नसते, हे मला कोणी सांगितले नव्हते. पोटातली भूक अर्ध्या वाटीत निजून जाई, पण जिभेवरची भूक टक्क जागी राही. फोडणीचा वास आला तरी ती उठून बसे. शेजारच्या घरात गूळ किसल्याचा आवाज तिला भिंतीपलीकडून ऐकू येई.

अशातच शेजारी सत्यनारायण झाला. द्रोणात केळे घातलेला शिरा आला, तुपाने चकाकणारा, वेलदोड्याचा श्वास सोडणारा. मी नको म्हणाले असते तर दहा प्रश्न उठले असते, आणि तसेही प्रसादाला नाही म्हणायचे नसते. जे नाकारता येत नाही ते मोजायचे कशाला? हा युक्तिवाद मला त्या क्षणी इतका निर्मळ वाटला, की मी डोळे मिटून द्रोण रिकामा केला. मऊ आणि गोड पदार्थ टाक्यांना न विचारता सरळ खाली उतरतात, हा शोधही त्याच दिवशी लागला. मग शिरा, खीर, पंचामृत, पन्हे. वसाहतीतले एकही हळदीकुंकू मी चुकवले नाही. कामगारांच्या भंडाऱ्यात वाढणारे गृहस्थ "भाभीजी, प्रसाद को ना नहीं कहते" म्हणत पातेल्याच्या तळाची बुंदी ओंजळीत घालीत, आणि मी नम्रपणे मान लववून ती कपाळाला लावीत असे. हे कौतुकाने म्हणत, "श्रावण लागला नाही तोच तुझा सातवा सत्यनारायण! एवढ्या घरी तर आपले भटजीही जात नसतील." मी हसून विषय बदलीत असे. माझी भक्ती वाढत होती आणि तिच्या मागोमाग वजनाचा काटा.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी काट्याकडे पाहिले, कागदाकडे पाहिले, मग चष्मा काढला. "बाई, माझं अर्धं काम मी केलं. उरलेलं तुमच्याकडे होतं. साखर पुन्हा चढू लागली आहे. हे असंच चाललं तर टाके असून नसल्यासारखे होतील, आणि हे पोट मी दुसऱ्यांदा उघडणार नाही. तुमच्या प्रकृतीला ते झेपायचं नाही." ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांच्या आवाजात हार होती, आणि ती माझी होती. शेवटचा उपाय हातातून निसटत होता आणि तो मीच, कपाळाला लावून लावून, निसटू देत होते. मी ह्यांनाही काही सांगितले नाही. देवीलाच सांगायचे ठरवले. केळव्याच्या देवळात जायचे, ओटी भरायची आणि एकच मागायचे: आई, माझी भूक काढून घे.

नारळी पौर्णिमेनंतरचा शुक्रवार होता. पालघरहून एस.टी.ने मी केळव्याला उतरले, तेव्हा नुकतीच सर येऊन गेली होती. सुपारीच्या उंच झाडांवरून थेंब अजून निथळत होते, पानवेलींच्या वाफ्यांतून ओल्या मातीचा थंड, किंचित तिखट दरवळ येत होता, आणि त्यामागून वाऱ्याबरोबर येणारा समुद्राचा खारट उमाळा. मी देवीची ओटी भरली, मागणे मागितले, डोळे पुसले आणि वळले. तोच गुळाचा, लवंगेचा, ओल्या खोबऱ्याचा आणि कढत्या तुपाचा वास एकत्र आला.

सभामंडपाच्या कडेला एक कोळीण टोप घेऊन बसली होती. पन्नाशीची, सावळी, अंगाने काटक, अंबाड्यात अबोलीचा गजरा. केळीच्या पानाच्या तुकड्यांवर ती नारळीभात वाढीत होती. मुरब्याहून आली आहे, लेकाची होडी पहिल्याच फेरीत भरून आली म्हणून नवस फेडते आहे, असे रांगेतल्या बायका बोलत होत्या. देवीपुढे नुकतेच केलेले मागणे मी तिथेच विसरले. रांगेत उभी राहिले, पान घेतले, खांबाआड उभी राहून संपवले. मग आजवर कोणाला न सांगितलेली गोष्ट मी केली. डोक्यावर पदर ओढून घेतला, रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि दुसरे पान घेतले. कोणी ओळखील या भीतीने ते न चावता गिळले. मुलांना प्रामाणिकपणावर निबंध घालणारी मी!

भात म्हणजे शिरा नव्हे. शेवटच्या घासाला छातीच्या मध्यावर काहीतरी अडले. वर येईना, खाली जाईना. तोंडाला पाणी सुटले, कानांत समुद्र गरजू लागला. मी कशीबशी देवळामागच्या तळ्याच्या पायरीवर जाऊन बसले आणि टाके तुटले असतील असे वाटून छाती चाचपू लागले. इतक्यात पाठीवर एक हात आला. रुंद, खरखरीत, मिठाने कडक झालेला हात. तो हळूहळू, वरून खाली, लाटेच्या चालीने फिरू लागला.

"काय झाला, बाय? पानी आनू?"

मी मानेनेच नको म्हटले. ती पाठ चोळीत राहिली. काही वेळाने अडलेले सगळे बाहेर पडले आणि मला मोठ्याने श्वास घेता आला. पदराने तोंड पुसून मी वळले, तर ती तीच, नारळीभातवाली.

"दुसऱ्यांदा आलीस तवाच वलखला मी तुला," ती गालात हसत म्हणाली. "डोक्यावर पदर घेतलास, पन पातल तेच व्हता ना!"

मला हसू आले आणि हसता हसता रडू. आईला, बहिणीला, शेजारणीला जे सांगितले नव्हते, ते मी त्या अनोळखी बाईला एका दमात सांगून टाकले. पोट कापून लहान केल्याचे, खड्यांच्या थापेचे, प्रसादाच्या नावाने चाललेल्या चोरीचे.

"लहान म्हंजे केवढा केला?"

मी मूठ अर्धी मिटून दाखवली. तिने ती मूठ निरखून पाहिली, माझ्याकडे पाहिले, आणि मग तळ्यावरची पाखरे उडावीत अशी खळाळून हसली. "अगो, मंग दाक्तरान पोट ल्हान केला नि हात तसाच ठेवला!"

"मावशी, म्हणूनच देवीला सांगितलं, माझी भूक काढून घे."

तिचे हसणे थांबले. "येडी का काय तू? असा काय मागतात देवीकडं? भूक गेली तं मानूस सकाली उठल कशाला? आमचे समदे भुकेपायीच दर्यात जातात. भूक तिनंच दिलीय, ती कशी परत घेईल?" मग जणू काही विशेष बोललीच नाही, अशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल. माजा हात भरून आला वाढून वाढून. तू वाढ आता."

"मी?"

"मंग कोन? दोनदा खाल्लास ना? ऊठ!"

तिने माझ्या हातात डाव दिला आणि स्वतः पाय पसरून खांबाला टेकली. टोप अजून निम्मा भरलेला होता. वाफ तोंडावर येत होती. इतक्या जवळून, इतका वेळ मी अन्नाकडे पूर्वी कधी पाहिलेच नव्हते. माझ्यासमोर ते क्षणभरही टिकत नसे. आता दिसले, की गुळाने शिताला मधाचा रंग चढतो, खोबऱ्याचा कीस मात्र आपला पांढरेपणा सोडत नाही, आणि लवंग बोटांना लागली की त्या जागी बारीकशी ऊब राहते. पाने पुढे येत होती. चुन्याने रंगलेली बोटे, मेंदीची बोटे, जाळी ओढून तळव्यांवर भेगा पडलेले हात. मग डोक्यावर पळसाच्या पानांच्या गड्ड्या घेऊन डोंगराकडच्या गावांतून विकायला आलेली एक बाई समोर उभी राहिली. तिने भार खाली ठेवला, दोन्ही हातांनी पान घेतले, आणि उभ्याउभ्याच, कसलीही घाई न करता, एकेक शीत ओळखीचे असावे तशी जेवली. तिला भूक होती, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते. पण ती भुकेला पुढे धावू देत नव्हती, बरोबर चालवीत होती. शेवटी तिने पान दुमडून कपाळाला लावले. मी तेच तर इतके महिने करीत होते, आणि तरीही ते मला एकदाही जमले नव्हते.

किती वेळ वाढले, सांगता येणार नाही. टोपाचा तळ लागला तेव्हा लक्षात आले, की एवढ्या वासात, एवढ्या वाफेत उभी असूनही माझा हात एकदाही तोंडाकडे गेला नव्हता. त्यात माझा निग्रह काहीच नव्हता. हात दुसऱ्या कामात होता, इतकेच. मावशीने टोप तिरका केला, तळाशी चिकटलेली चार शिते बोटाने निपटली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "ह्यो तुजा. आता खा. नीट चाव."

मी चावू लागले. नेहमीप्रमाणे आकडे मोजू लागले, आणि अकराच्या पुढे मोजायचे विसरले. चार शितांत आधी गोडी आली, मग खोबऱ्याचा स्निग्धपणा, मग अगदी शेवटी, जिभेच्या मुळाशी, लवंगेची एक हलकी ठिणगी. दोन पाने गिळून जे मिळाले नव्हते ते सारे त्यात होते. डोळे उघडले तेव्हा मावशी टोप घासायला तळ्याकडे निघाली होती.

घरी येऊन मी ह्यांना सगळे सांगितले. हे आधी गंभीर झाले. पदराच्या गोष्टीपाशी मात्र इतके हसले की डोळ्यांत पाणी आले. नंतर हळूच म्हणाले, "मला आधी सांगायचंस ना. एखाद्या सत्यनारायणाला मी आलो असतो तुझ्या वाटणीचा शिरा खायला." माणूस एका दिवसात बदलत नाही. गौरीच्या जेवणात मी पुन्हा एकदा घसरले, बासुंदीच्या वाटीपाशी. पण ती वाटी मी लपवली नाही, मोजली. पुढच्या तपासणीला काटा थोडा खाली आला होता, त्याच्या पुढच्याला आणखी थोडा. डॉक्टरांनी विचारले, "काय केलंत?" मी म्हणाले, "वाढायला शिकले." त्यांना ते कळले नसावे, पण चष्म्याआड ते हसले.

बोईसरच्या बाजारात मावशी मला पुढे एकदा भेटलीही. तिला मी मुळीच आठवले नाही. "असंल, बाय, रोज किती येतात," म्हणत तिने बोंबलांवरच्या माशा वारल्या. मी काही विकत घ्यावे एवढीच तिची अपेक्षा होती. तिला त्या दिवशी कोणी माझ्याकडे पाठवले, की ती आपली हात भरून आला म्हणूनच मला बोलावीत होती, याचा निवाडा मी करीत नाही. जी मदत करून विसरली, तिच्यापुढे मी किती वेळ हात जोडून उभी राहणार? बोंबील घेतले आणि घरी आले.

कार्तिकात शेजारी पुन्हा पूजा झाली. शिऱ्याचे पातेले बाहेर आले तेव्हा मी आपणहून डाव मागितला. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेजारीण माझ्यासाठी द्रोण भरू लागली. तिचा हात धरून मी, खोलीभर बायका ऐकत असताना, म्हणाले, "वहिनी, चिमूटभरच द्या. माझ्या पोटात खडे नव्हते. जास्त खाण्यामुळे पोट लहान करून घ्यावं लागलं."

मग कोपऱ्यातून दुसरी शेजारीण म्हणाली, "अगंबाई! मग त्या डॉक्टरांचा पत्ता मलाही द्या की!" आणि खोलीत एकच हसू उसळले. मीही त्यांच्यात हसत होते. इतकी हलकी मी कोणत्याच काट्यावर कधी भरले नव्हते.

आता देवीकडे मी भूक काढून घे म्हणून मागत नाही. दुपारी साडेबाराला ती येते, आणि मी तिला ये म्हणते. जे मला आवरत नव्हते ते मी आईच्या हाती सोपवले. तिने ते काढून घेतले नाही, माझ्या हाताला काम दिले. पानावर अर्धी वाटी मऊ भात असतो, वर तुपाचा थेंब, कडेला लिंबाची फोड. हात जोडते, पहिला घास घेते, आणि तो संपेपर्यंत दुसऱ्याकडे पाहत नाही.