मक्यातली हाक

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रॉकेट उडवतात. दिवाळीत बाटलीत उभं करून सोडतात ते नव्हे. यांचं रॉकेट माझ्यापेक्षा उंच, व्हॅनमध्ये तिरपं ठेवावं लागतं. नाव उल्हास, पण चेहऱ्यावर कधी उल्हास दिसला तर शपथ. मूळचे कऱ्हाडचे. त्र्याहत्तर साली इकडे अमेरिकेत आले, जन्मभर बॉयलरची डिझाइनं केली आणि नेपरव्हिलमध्ये घर घेऊन तिथेच रुजले. मंडळाच्या गणपतीत तीसेक वर्षं त्यांनी खुर्च्या मांडल्या आणि उचलल्या. स्टेजवर एकदासुद्धा चढले नाहीत. हार घालायला बोलावलं की हे नेमके पार्किंगमध्ये.

रॉकेटचं खूळ मिहीर शाळेत असताना आलं. मिहीर त्यांचा मुलगा. दोन उन्हाळ्यांत मुलाचं खूळ गेलं, बापाचं राहिलं. नीलाताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, आधी कटकट केली आणि मग मशीनवर बसून पॅराशूट शिवायला लागली. त्याचं ते सरसरीत नायलॉन सुईखालून सटकतं म्हणून रोज शिव्या घालायची, आणि शिवण मात्र अशी की रॉकेट क्लबातले लोक बोट फिरवून बघायचे.

आता मुख्य गोष्ट. रॉकेट खूप उंच जातं, पॅराशूट उघडून खाली येतं आणि वाऱ्याबरोबर कुठेतरी लांब मक्याच्या शेतात पडतं. ते सापडावं म्हणून आत एक बझर बसवतात. जमिनीवर टेकलं की तो पीं पीं करतो. पण सगळ्यांचे बझर सारखेच. भाऊजी दोनदा दुसऱ्याच कुणाचं रॉकेट उचलून घेऊन आले. तेव्हा नीलाताई म्हणाली, तुमचं तरी जरा वेगळं असू द्या, आणि एका छोट्या स्पीकरसाठी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून दिला. "अहो, इकडे. इकडे बघा, मी इथे आहे." शेवटी तिला हसू आवरलेलं नाही, तेही त्यात आलंय. अख्ख्या इलिनॉयमध्ये त्या हाकेला ओ देणारा माणूस एकच, त्यामुळे चुकामूक व्हायचा प्रश्न मिटला.

नीलाताई दोन वर्षांपूर्वी गेली. गेल्या ऑक्टोबरमध्ये मिहीर वडिलांबरोबर शेतावर गेला आणि मक्यातून त्याला आईची हाक ऐकू आली. त्याने मला अल्फारेटाला माझ्या घरी फोन केला. "मावशी, धिस इज नॉट नॉर्मल. बाबा तिला रॉकेटमध्ये घालून फिरतायत." त्याने मॉरिसव्हिलला आपल्या घरी वडिलांसाठी खोली तयार केली होती. नेपरव्हिलचं घर विकायचं, रॉकेटं बंद करायची, बाबांना घेऊन यायचं. पण ते हलायला तयार नव्हते. तेव्हा मी दोन दिवस राहून त्यांची मनःस्थिती बघावी आणि सांगावं, असं ठरलं. मी हलवा म्हटलं की तो हलवणार होता, कारण भाऊजी माझा शब्द मोडत नाहीत. आमच्या घरात माझा शब्द कुणीच मोडत नाही. मी भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना बेशुद्ध करून वेळेवर शुद्धीवर आणलं. भुताखेतांच्या बाबतीत माझं डोकं साफ आहे.

सप्टेंबरअखेरचा शनिवार होता. नेपरव्हिलहून दोन तास दक्षिणेला गेलो. गवत कापलेलं मोकळं रान आणि तिन्ही बाजूंनी मका. कापणीला आलेला, वाळून खडंग झालेला. त्या मक्याचा आवाज मला पहिल्या मिनिटापासून आवडला नाही. वारा नसला तरी आत कुठेतरी पानं वाजत राहायची, कुणीतरी कागद चाळत बसल्यासारखी. बाहेर फोल्डिंगच्या खुर्च्या, पिकअप ट्रक, टोप्या घातलेले म्हातारे आणि हॉट डॉगचा वास. सगळ्यांवर देखरेख करणारा डेल नावाचा आडदांड माणूस. शेत त्याच्या भावाचं. त्याने मला भेटल्या भेटल्या बजावलं की मक्यात शिरायचं झालं तर एकच ओळ धरायची आणि तिनेच परत यायचं. ओळी ओलांडल्या की संपलं, डोक्याच्या वर मका, चारी दिशा सारख्या.

भाऊजींचं रॉकेट दुपारी उडालं. आकडे उलटे मोजले, आग झाली, आणि आवाज यायच्या आत ते निम्मं आकाश चढून गेलं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिले, हे कबूल करते. मग पॅराशूट उघडलं, रॉकेट डोलत डोलत मक्याच्या कडेला उतरलं. आणि आतून नीलाताई म्हणाली, "अहो, इकडे. इकडे बघा, मी इथे आहे."

मला ठाऊक होतं. त्यासाठीच आले होते. तरी दचकले. तीच ती, स्वयंपाकघरातून हाक मारायची तशी, हसू दाबत. डेलने टोपीला हात लावला आणि "दॅट्स नीला" म्हणाला, शेजारीण आल्याचं सांगावं तसं. भाऊजी काठी टेकत शांतपणे तिकडे चालू लागले. मला एकदम रडू आलं आणि त्याचा इतका राग आला की ते परत येईपर्यंत मी शब्द जुळवून ठेवले.

नंतर त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, काय चालवलंय हे, गेलेल्या माणसाला सुखाने जाऊ द्याल की नाही, पोरगा तिकडे झुरतोय आणि तुम्ही इथे तिला शेताशेतातून ओरडायला लावताय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मिहीरने पाठवलं का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग रॉकेटचं टोक उघडून त्यांनी तो स्पीकर काढला, बॅटरी वेगळी केली आणि दोन्ही माझ्या हातावर ठेवलं. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. मी ते टिश्यूत गुंडाळून पर्समध्ये टाकलं.

रविवारी रॉकेटमध्ये साधा बझर होता, डेलकडून घेतलेला. त्या दिवशी वारा सुटला होता आणि ऊन असं की जूनमध्ये शोभावं. रॉकेट वर गेलं, पॅराशूट उघडलं, आणि वाऱ्याने ते उचलून मक्याच्या पार मध्यावर नेऊन टाकलं. भाऊजी काठी आणि पाण्याची बाटली घेऊन आत गेले. बाटली अर्धीच होती, हे मला नंतर कळलं.

बराच वेळ झाला. बझर बाहेर ऐकू येत नव्हता. डेल ट्रकच्या टपावर चढून दुर्बिणीने बघत होता, त्याला कुठे मका हलताना दिसेना. भाऊजींचा फोन वाजला तो त्यांच्याच खुर्चीवर. डेल म्हणाला, माणसं जमवून आत शिरू. मला कुठला तेवढा धीर. भाऊजी शिरले त्याच ओळीत मी पर्स आडवी अडकवून, माझी पाण्याची बाटली घेऊन घुसले.

आत गेल्यावर बाहेरचं सगळं बंद झालं. हवा कोंडलेली, धूळ, पानांच्या कडा हाताला कापतात. मी हाका मारल्या. माझ्या हाका दोन पावलांवर विरून जात होत्या. वाराही आता पडला होता, आणि पानं तरी वाजत होती, माझ्या थोडी पुढे.

मग उजवीकडून आवाज आला. "अहो, इकडे."

मी जी संतापले म्हणता. म्हटलं, बघा यांचा साळसूदपणा, एक स्पीकर माझ्या हातात दिला आणि दुसरा लपवून ठेवला होता. म्हातारा दिसतो गरीब, आहे बिलंदर. मी ओळ सोडून सरळ उजवीकडे घुसले. मका मोडत, तोंडाने बडबडत. आवाज पुन्हा आला, तेवढ्याच अंतरावर. मी आणखी आत गेले. तो आणखी आत गेला.

तेव्हा थांबले. एक गोष्ट उशिरा लक्षात आली. रेकॉर्डिंग पुरं होत नव्हतं. फक्त "अहो, इकडे", पुढचं काही नाही, आणि ते हसू नाही. पर्स उघडली. टिश्यूत स्पीकर होता, बॅटरी बाजूला होती. स्पीकर कानाला लावून बघितला. मुका.

मी डॉक्टर आहे. ऊन आहे, घाम गेलाय, कालचा आवाज मेंदूत बसलाय, असं सगळं स्वतःला सांगितलं. स्वतःची नाडी बघितली. जलद होती, पण बेताची. मग मागे वळले आणि कुठून आले ते कळेना. सगळ्या ओळी सारख्या. मी मोडलेला मका कुठेच दिसेना. खरं सांगते, मी घाबरले. चक्क लहान मुलीसारखी घाबरले.

आणि अगदी जवळून, हळू, दाराआडून बोलल्यासारखं कुणीतरी म्हणालं, "शैलू. इकडे ये."

मला शैलू म्हणणारं माणूस आता जगात उरलेलं नाही. आई म्हणायची आणि नीलाताई म्हणायची. स्पीकरमध्ये तो शब्द कधीच नव्हता.

मी गेले. विचार केला नाही. लहानपणी तिने बोलावलं की जायचे तशी गेले.

चारपाच ओळींपलीकडे भाऊजी मातीत बसले होते. पाय समोर पसरलेले, एक घोटा सुजून टम्म. चेहरा लालभडक आणि कातडी कोरडी. घाम येणं थांबलं होतं, म्हणजे उष्माघात; त्या कोरडेपणाचा अर्थ मला कळतो. बाटली रिकामी. थोड्या अंतरावर मक्यावर पॅराशूट लटकलेलं, खाली रॉकेट, आणि बझरची तार तुटून बाहेर आलेली. तो वाजलाच नव्हता. मी माझं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर आणि घशात ओतलं, डेलला फोन लावला. त्याने ट्रकचा हॉर्न दाबून धरला आणि त्या आवाजाच्या रोखाने माणसं आत आली. आणखी अर्धा तास गेला असता तर मी हे लिहायला बसले नसते, श्राद्धाचं बघत बसले असते.

नंतर व्हॅनमध्ये एसी लावून, घोट्यावर बर्फ धरून आम्ही बसलो. त्यांना हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं, डेल त्यांचं सामान भरत होता. रंग परत आला होता. त्यांनी बझर बंद होता ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग ते मला कसे सापडले, असं विचारलं. मी म्हटलं, ओळ धरून आले. ते म्हणाले, मी तर केव्हाच ओळ सोडली होती.

"मला आज काहीच ऐकू आलं नाही," ते म्हणाले. "वाटलं, स्पीकर काढला म्हणून रुसली. तुला काय म्हणाली?"

मी सांगितलं. लपवायचा प्रयत्नच केला नाही. त्यांनी मान हलवली, जणू मी भाजीचा भाव सांगितला.

"ती गेल्यावर स्पीकर मीच काढला होता, शैला. सहन होईना म्हणून. एक पूर्ण सीझन बझर लावून उडवलं. तरी प्रत्येक वेळी मक्यातून हाक यायची. म्हणून मग स्पीकर परत लावला. आता निदान कुणी विचारलं तर सांगता येतं, आवाज यंत्रातून येतो. मला स्वतःलाही सांगता येतं."

तेवढ्यात मिहीरचा फोन आला.

त्याला डेलकडून कळलं होतं. आधी वडिलांची चौकशी केली, मग जे विचारायचं ते विचारलं. "मावशी, टेल मी ऑनेस्टली. बाबांना अजून आई ऐकू येते?"

मी म्हटलं, "येते. आणि त्यांना इथून हलवायचं नाही."

"का?"

"कारण आज तिने मला बोलावलं नसतं तर तुझे बाबा गेले असते."

मग मिहीर बोलला, अगदी हळुवार, शब्द निवडून. वडिलांबद्दल तो वर्षभर माझ्याशी ज्या आवाजात बोलत होता, त्याच आवाजात.

"मावशी, तू आज रात्री एकटी नको राहू. मी रीमाला फोन करतो, ओके?"

रीमा माझी मुलगी. मी त्याला म्हटलं, कर. फोन ठेवला. भाऊजींनी नुसता हात पुढे केला, आणि मी पर्समधून काढून स्पीकर आणि बॅटरी त्यांच्या हातावर ठेवली.

"लावा," मी म्हटलं. "आत्ताच लावा आणि चालू करा."